मोकळी जागा



कविसंमेलनात माझी ओळख करून देताना सूत्रसंचालक माझ्या शिक्षणाचा उल्लेख 'बी. ए.' एवढाच करतात. ऐकणाऱ्यांचा समज होतो की हा माणूस मराठी घेऊन बी. ए. झाला असणार. तसं नाही. माझा विषय भूगोल होता. माझे अब्बा सेंट्रिंगच्या कामावर जात. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की, भूगोल घेतला की मुलगा मोजणीदार होतो, सरकारी साखळी हातात येते. मोजणीदार काही मी झालो नाही. छापखान्यात मुद्रितं तपासत आयुष्य गेलं. पण नकाशा काढायला मी शिकलो होतो. आज पन्नाशी उलटल्यावर तोच धडा मला पुन्हा शिकावा लागला, त्याची ही गोष्ट आहे.

आधी शब्दांविषयी थोडं बोलतो, कारण तो माझा धंदा आहे. आपण 'नकाशा' म्हणतो, तो शब्द अरबीतून आला. जमीन फारसीतून आली. हद्द, जिल्हा, तालुका, तहसील, मौजे ही सगळी मंडळी बाहेरून आली आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर अशी बसली की आता त्यांना कुणी पाहुणे म्हणणार नाही. बांध, ओढा, शिवार, पायवाट हे शब्द मात्र इथल्याच मातीतले. गंमत पाहा, मोजायचे शब्द कचेरीतून आले आणि चालायचे शब्द गावातले राहिले. हा फरक पुढे माझ्या उपयोगी पडला.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी कॉलेजात होतो. भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला आम्हाला साखळी, होकायंत्र आणि प्लेन टेबल अशी साधनं शिकवली जात. प्लेन टेबल म्हणजे तीन पायांवर ठेवलेली सपाट फळी. तिच्यावर कागद लावायचा, पट्टीसारखं एक साधन कागदावर ठेवून त्यातून दूरच्या झाडाकडे पाहायचं आणि पट्टीच्या कडेने रेघ ओढायची. मग फळी उचलून मोजलेल्या अंतरावर दुसऱ्या जागी न्यायची आणि तिथून पुन्हा त्याच झाडाकडे पाहून रेघ ओढायची. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे ते झाड. झाडापर्यंत चालत जायची गरजच नाही. एका जागेवरून पाहिलं तर फक्त दिशा कळते. जागा कळायला दुसऱ्या ठिकाणाहून पाहावं लागतं. हे सर सहज सांगून गेले होते, पण मला ते तेव्हा फार आवडलं होतं.

साखळीचंही तसंच. जुनी मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एकर. आजही जाहिरातीत 'गुंठेवारी' वाचताना मला ती साखळीच दिसते.

त्या साखळीमागचा इतिहास आपल्याच जिल्ह्यातला आहे. इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात आधी केलेली प्रिंगलसाहेबांची मोजणी आणि सारा-आकारणी फसली. मोजमापात चुका, आकार भारी. शेतं ओस पडली. मग १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी नव्याने मोजणी करून आकार हलका केला. पुढे मुंबई इलाख्यात हीच पद्धत पसरली. सरांनी हे शिकवलं तेव्हा मी वहीत फक्त सन लिहून घेतला. चुकीच्या मोजणीने माणसाला घर सोडावं लागतं, हे त्या सनामागे लपलेलं होतं, ते मात्र लिहून घ्यायचं राहिलं.

आणि मग टोपोशीट. भारतीय सर्वेक्षण विभागाचा तो मोठा घडीचा नकाशा. या खात्याची स्थापना १७६७ ची, आणि त्याचं पुण्यातलं कार्यालय आमच्या विश्रांतवाडीहून शहराकडे येताना आळंदी रोडवर फुलेनगरला आहे. आमची विश्रांतवाडी ज्या नकाशात येते त्याचा क्रमांक ४७ एफ/१४. दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर. वस्ती आणि रस्ते लाल, शेती पिवळी, झाडी हिरवी, पाणी निळं, उंचीच्या रेषा तपकिरी. पावसाळ्यापुरता वाहणारा कोरडा ओढा काळ्या रेघेने. मी त्या नकाशावर आमचं घर शोधायला लागलो. सापडेना. सरांनी हिशेब करून दाखवला: या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. तीन मीटरची गल्ली कागदावर मिलिमीटरच्या सतराव्या भागाएवढी होईल, एवढी बारीक रेघ छापता येत नाही. म्हणजे घर न दिसणं हा कुणाचा दुष्टपणा नव्हता, ते गणित होतं. मला बरं वाटलं.

पण पुढे जे झालं ते गणित नव्हतं.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने आपल्या राहत्या परिसराचा नकाशा काढून जर्नलला जोडायचा होता. प्रमाण एका सेंटीमीटरला दहा मीटर. या प्रमाणात गल्ली तीन मिलिमीटरची होते, घर सुद्धा काढता येतं. तेव्हा आम्ही आळंदी रोडच्या मागे, ओढ्याच्या काठच्या एका वस्तीत राहत होतो. पत्र्याची, कुडाची, काही विटांची अशी शंभरावर घरं. एका मित्राला बरोबर घेऊन मी चार रविवार मोजणी केली. आळंदी रोड काढला, चौक काढला, पलीकडचे बंगले त्यांच्या कुंपणांसकट काढले, विहीर काढली, मोरी काढली, ओढा त्याच्या प्रत्येक वळणासह काढला. आमच्या वस्तीची जागा आली तेव्हा पेन्सिल थांबली. वर्गातली मुलं सदाशिव पेठेतली, कोथरूडची. जर्नल सगळ्यांसमोर टेबलावर ठेवायची होती. मी ती जागा पांढरी ठेवली आणि तिच्यात सुंदर अक्षरात लिहिलं, 'मोकळी जागा'.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मार्च १९९० ची तारीख घालून सही केली. सुबक रेखाटनाबद्दल मला चांगले गुण मिळाले.

वर्षं गेली. लग्न झालं, धानोरी रस्त्याला दोन खोल्या घेतल्या, अब्बा गेले, अम्मी गेली. जर्नल माळ्यावर गेलं. त्यानंतरच्या काळात नकाशांचं जग पार बदललं. २००४ मध्ये 'ओपनस्ट्रीटमॅप' सुरू झालं, जिथे कुणीही आपली गल्ली स्वतः जगाच्या नकाशात भरू शकतो. २००९ मध्ये इस्रोचं 'भुवन' आलं. आमच्या वेळी नकाशा हा कुलपातला कागद असे. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नियम सैल केले आणि भारतीय माणसाला, भारतीय संस्थेला नकाशे करण्यासाठी आधीच्या परवानग्यांची गरज उरली नाही. हे सगळं मी वर्तमानपत्राची मुद्रितं तपासताना वाचत होतो. आपल्या घरात ते येईल असं वाटलं नव्हतं. माझ्या मुलीने भूमाहितीशास्त्राला प्रवेश घेतला आणि ते आलं.

तिचा लॅपटॉप, आणि त्यावर 'क्यूजीआयएस' नावाची फुकट मिळणारी प्रणाली. संध्याकाळी मी तिच्या मागे खुर्ची टाकून बसायचो. तिने मला पहिला धडा दिला तो थरांचा. आमच्या वेळी एकाच कागदावर सगळं काढावं लागे. इथे रस्त्यांचा एक थर, पाण्याचा एक, घरांचा एक, एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे. आणि प्रत्येक घरामागे एक तक्ता: नळ आहे का, माणसं किती, पाणी शिरतं का. नकाशावरच्या ठिपक्याला बोट लावलं की तक्त्यातली ओळ उजळते. मला वाटलं, ही तर रदीफ-काफिया जुळवल्यासारखी सोय आहे.

एकदा तिने युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाचं चित्र उघडलं. २०१५ पासून फिरणारा हा उपग्रह, त्याची चित्रं कुणालाही विनामूल्य मिळतात. तिने ते मोठं मोठं करत नेलं तेव्हा शेवटी नुसते चौकोन उरले. "अब्बा, एक चौकोन दहा मीटर बाय दहा मीटर. याच्या आतलं काही कळत नाही." मी मनातल्या मनात गुणाकार केला. शंभर चौरस मीटर, म्हणजे १,०७६ चौरस फूट. श्रोतेहो, हा जवळजवळ आपला गुंठाच की! सातशे-आठशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या यंत्राची नजर आणि इंदापूरच्या साखळीची नजर एकाच मापाची निघाली. आणि आमच्या वस्तीत एका गुंठ्यात सहा-सात घरं मावत. तेव्हाही ती कागदात मावत नव्हती, आताही चौकोनात विरघळून जातात.

तिला अभ्यासाचा प्रकल्प करायचा होता: पावसाळ्यात कुठल्या घरांत पाणी शिरतं आणि का. तिने माझी जुनी वस्तीच निवडली. मला माळ्यावरचं जर्नल आठवलं आणि मी मोठ्या उत्साहाने ते खाली काढलं, कारण त्यातला ओढा तेव्हा उघडा होता. आज त्यावर बरीच बांधकामं आहेत, कुठे तो नळातून जातो, कुठे दिसतच नाही.

जुना कागद आजच्या नकाशावर बसवायचा म्हणजे दोन्हीकडे सापडतील अशा खुणा शोधाव्या लागतात. निदान चार तरी, आणि त्या दूरदूर हव्यात. आम्ही शोधायला लागलो. वड तोडलेला. विहीर बुजवलेली. चौक रुंदावलेला, म्हणजे त्याचा कोपरा विश्वासाचा नाही. शेवटी मोरीचा दगडी काठ, एका बंगल्याच्या कुंपणाचा कोन, एका देवळाची पायरी आणि एक जुना विजेचा खांब अशा चार खुणांवर माझा १९९० चा कागद ताणून, फिरवून बसवला. पडद्यावर माझी निळी रेघ आजच्या घरांवरून सळसळत गेली. आणि तिच्या कडेला ती पांढरी जागा, माझ्या त्या सुंदर अक्षरासकट.

"अब्बा, तुम्ही इथेच राहत होता ना? मग इथे 'मोकळी जागा' का?"

मी म्हणालो, "प्रमाण बसत नव्हतं." ती काही बोलली नाही. पण एका सेंटीमीटरला दहा मीटर हे प्रमाण नकाशाखाली माझ्याच हाताने लिहिलेलं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं वस्तीत गेलो. आता बहुतेक घरं पक्की आहेत, काहींवर वरचा मजला चढलाय. मोबाइलच्या जीपीएसने पत्र्यांच्या गर्दीत घाबरून आम्हाला कधी पलीकडच्या गल्लीत, कधी गटारात उभं केलं. शेवटी टेप घेऊन हाताने मोजावं लागलं. मुलगी प्रत्येक दारात विचारी: पाणी शिरतं का, उंबऱ्याच्या वर किती येतं, किती तास राहतं. घरी येऊन तिने ओढ्याच्या जुन्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी अंतराचे पट्टे आखले. आमचा अंदाज होता की जवळच्या पट्ट्यातली घरं सगळ्यात जास्त बुडत असणार. तसं निघालं नाही. ओढ्याच्या अगदी काठची काही घरं कोरडी आणि लांबच्या एका गल्लीत गुडघाभर पाणी. उपग्रहाच्या चित्रात याचं उत्तर नव्हतं. टोपोशीटवरच्या उंचीच्या रेषा वीस-वीस मीटरच्या टप्प्याने असतात, तिथे दीड फुटाचा खळगा कसा दिसणार? उत्तर त्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्याने दिलं. "ताई, रस्त्यावर दरवेळी डांबराचा नवा थर टाकतात. जुना खरवडत नाहीत. रस्ता वर चढला, आमचं घर खाली गेलं." मुलीने तक्त्यात एक नवा रकाना घातला: रस्ता उंबऱ्यापेक्षा किती वर. त्या रकान्याने चित्र बऱ्यापैकी जुळलं.

यातून मला आमच्या वर्गातली टिंब पद्धत आणि क्षेत्रघनी पद्धत आठवली. क्षेत्रघनी पद्धतीत अख्ख्या विभागाला सरासरीप्रमाणे एक छटा देतात. आमच्या प्रभागाला तशी छटा दिली तर बंगले, सोसायट्या आणि वस्ती यांचं पाणी एकत्र कालवून 'बरं आहे' असा फिकट रंग येईल. टिंब काढलं तर मात्र कुणाच्या घरात पाणी आणि कुणाच्या नळात पाणी हे वेगळं दिसतं. पुण्यात हे काम मोठ्या प्रमाणावर झालेलंही आहे. २००० च्या सुमारास 'शेल्टर असोसिएट्स' या संस्थेने महापालिकेसाठी शहरातल्या झोपडपट्ट्यांची गणना केली आणि ती संगणकाच्या नकाशावर चढवली. माहिती गोळा करण्यात वस्तीतली माणसंच होती. वस्त्या शहराच्या नकाशात आल्या की नळ आणि संडास त्यांच्यापर्यंत न्यायचा रस्ता दिसायला लागतो.

पण नकाशात येण्याची भीतीही असते, हे मला मावशींनी शिकवलं.

मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या. माझ्या अम्मीच्या मैत्रीण, आता पंचाहत्तरीच्या पुढे. मुलीने लॅपटॉपवर त्यांना त्यांचं घर दाखवलं. त्या खूश झाल्या. मग निळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "पोरी, घर काढ, पण ही ओढ्याची रेघ काढू नको. उद्या कुणीतरी हाच कागद घेऊन येईल आणि म्हणेल, तुम्ही ओढ्यात राहता, उठा."

मुलगी गप्प झाली. रेघ पुसली तर पाणी कुठून येतं ते कसं सांगायचं? ठेवली तर मावशींची झोप उडणार. तिच्या पुस्तकात याचा धडा नव्हता.

तेवढ्यात मावशींचं लक्ष माझ्या पिशवीतल्या जर्नलकडे गेलं. त्यावरची सही, शिक्का आणि १९९० ही तारीख त्यांनी पाहिली. त्यांच्या घराचे जुने कागद एका पुरात भिजून गेलेत. मोफत पुनर्वसनासाठी झोपडीधारकाला १ जानेवारी २००० च्या आधीचं वास्तव्य दाखवावं लागतं, हे वस्तीतल्या प्रत्येकाला पाढ्यासारखं पाठ आहे. "यात आमचं घर आहे?" त्यांनी विचारलं. मला सांगावं लागलं की नाही, मी काढलं नव्हतं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आता काढ ना. सही तर आहेच."

श्रोतेहो, माझ्या खिशात पेन्सिल होती. जागा पांढरी होती. पस्तीस वर्षांपूर्वी जे घर तिथे खरोखर होतं, तेच काढायचं होतं. यात खोटं काय? पण आयुष्यभर मुद्रितं तपासणारा माणूस एक गोष्ट जाणतो: छापून झाल्यावर, सही झाल्यावर दुरुस्ती करायची नसते, शुद्धिपत्र वेगळं जोडायचं असतं. मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "मावशी, नाही जमणार." त्यांचा चेहरा उतरला. कॉलेजच्या मुलाच्या जर्नलला कुठल्या कचेरीत विचारलं असतं की नाही, कोण जाणे. पण तेव्हा मी शंभर घरं काढली असती, तर त्या दिवशी मावशींना निदान दाखवता आली असती. शहराने त्यांना नकाशात घेतलं नाही हे खरं. पण मीही घेतलं नव्हतं, आणि मी तर त्यांच्या घरी जेवत होतो.

ओढ्याच्या रेघेचा निर्णय मुलीने एकटीने घेतला नाही. बचत गटाच्या बायका समाजमंदिरात जमल्या, तिथे तिने नकाशा छापून भिंतीला लावला. बराच वाद झाला. शेवटी एक तरुण आई म्हणाली, "रेघ पुसली तरी पाणी यायचं थांबणार नाही. माझी पोरं तिथे झोपतात." रेघ राहिली. मात्र घरांच्या तक्त्यातून नावं काढून टाकली, आणि नकाशावर बायकांच्या सांगण्यावरून एक वाक्य लिहिलं: ही वस्ती किती सालापासून आहे ते, 'रहिवाशांच्या माहितीनुसार'. मूळ प्रत बचत गटाकडे राहिली. कॉलेजात गेली ती नक्कल. माझ्या वेळी मूळ प्रत परीक्षकाकडे गेली होती. एवढा फरक दोन विद्यार्थ्यांत पडला, आणि तो संगणकामुळे पडलेला नाही.

जागा पांढरी ठेवायला मला लाज कारण झाली होती. मावशींना रेघ नको होती ती भीतीने. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पण मी माझ्या सोयीसाठी दुसऱ्यांची घरं गाळली, आणि मावशी स्वतःच्या घराविषयी बोलत होत्या. नकाशात काय घ्यावं आणि काय सोडावं हे ठरवताना ज्याचं घर आहे त्याला विचारलं का, हा प्रश्न प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत असायला हवा.

शुद्धिपत्राचं काय झालं ते सांगून थांबतो. त्या रात्री मी जुन्या ट्रंका उपसल्या. कविता लिहायला लागलो तेव्हापासून मासिकांनी परत पाठवलेल्या कवितांची पत्रं मी जपून ठेवली आहेत. 'साभार परत' लिहिलेली पोस्टकार्डं. त्यातल्या एकावर १९९१ चा टपाल शिक्का अजून वाचता येतो, आणि पत्ता असा: माझं नाव, मग मावशींच्या नवऱ्याचं नाव, 'यांच्या शेजारी, ओढ्याजवळ, विश्रांतवाडी'. आमच्या दाराला नंबर नव्हता, मावशींचे यजमान सगळ्या पोस्टमनांना ठाऊक होते, म्हणून मी पत्ता तसा देत असे.

दुसऱ्या दिवशी ते कार्ड मावशींना नेऊन दिलं. कचेरीत ते चालेल की नाही मला माहीत नाही, तसं त्यांना सांगितलंही. त्यांनी ते दोनदा उलटून पाहिलं, नवऱ्याच्या नावावरून बोट फिरवलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गणपतीच्या तसबिरीमागे ठेवलं. मग विचारलं, "कविता का परत केली होती रे?"

मी म्हणालो, "चांगली नव्हती, मावशी."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)